पोलादातील पोकळी आणि मद्रासचा हीथ



चेन्नईच्या एग्मोर भागात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी मरीनाचा किनारा पाहतो, मैलापूरचे कपालीश्वर मंदिर पाहतो, कांजीवरमच्या रेशमाची खरेदी करतो, आणि वेळ उरलाच तर या संग्रहालयात डोकावतो. ताम्रपर्णीच्या काठी आदिचनल्लूर येथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या उत्खननातील लोखंडी तलवारी आणि भाले या संग्रहालयाच्या ठेवीत आहेत. दक्षिणेच्या मातीत लोखंडाचे ज्ञान किती खोल रुजलेले होते, याची ती साक्ष आहे. हे संग्रहालय १८५१ साली स्थापन झाले. त्याच वर्षी जोसाया मार्शल हीथ नावाचा एक इंग्रज निवर्तला. मद्रास इलाख्यात त्याने उमेदीची वर्षे काढली होती, शेफील्डच्या पोलादाचा दर्जा त्याच्या एका युक्तीने पालटला होता, आणि मरतेसमयी त्याच्या पदरी न्यायालयातील एका अपुऱ्या वादाखेरीज फारसे काही उरले नव्हते. आजचे विवेचन या माणसाविषयी आहे. त्याहूनही अधिक ते ज्या दोषामागे तो लागला, त्या दोषाविषयी आहे.

तो दोष कोणता, हे आधी पाहू.

ओतकाम आपल्याकडे नवे नाही. आपले ओतारी पितळेच्या समया, काशाच्या घंटा, तांब्याची भांडी पिढ्यान्‌पिढ्या ओतीत आले. बीडही ओतायला तुलनेने सोपे. त्यात कार्बन भरपूर असल्यामुळे ते सुमारे ११५० ते १२०० अंशांवर वितळते आणि पाण्यासारखे साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरते. पोलादाचे तसे नाही. त्यात कार्बन थोडा, म्हणून त्याला वितळवायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत वितळलेला धातू हवेतला, मळीतला, भट्टीतला प्राणवायू पोटात घेतो. पुढे धातू साच्यात थिजू लागला की हा प्राणवायू धातूतील कार्बनशी संयोग पावतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. विरघळलेला हायड्रोजनही थिजणाऱ्या धातूत मावेनासा होतो. बाहेरचे कवच तोवर घट्ट झालेले असते. वायूला वाट मिळत नाही. तो आतल्या आत फुगे करून बसतो. ओतीव वस्तू वरून गुळगुळीत, ठाकठीक दिसते. कापली की आत मधमाश्यांचे पोळे.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या फौंड्र्यांत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. ‘ब्लो होल’ या दोन शब्दांनी किती माल परत आला आणि किती रात्री जागून काढाव्या लागल्या, हे ते जाणतात. येथे एक बारकावा मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. पोलादाचा ठोकळा ओतून तो पुढे घणाखाली घडवायचा असेल, तर आतल्या काही पोकळ्या तापल्या धातूवर घाव बसताना मिटून जातात. पण चाक, दातेरी चक्र, घंटा, तोफेचा भाग अशी वस्तू थेट साच्यातूनच आकार घेऊन येणार असेल, तर तिला घणाची दुसरी संधी नाही. जे आत राहिले ते राहिले. म्हणूनच पोलादाचे ओतकाम ही लोहविद्येची सर्वांत कठीण परीक्षा ठरली.

प्राणवायूच्या जोडीला दुसरा वैरी गंधक. लोखंडात गंधक असला की लोह आणि गंधक यांचे संयुग तयार होते. ते हजार अंशांच्या आतच वितळलेले राहते आणि पोलादाच्या कणाकणांमध्ये पातळ पापुद्र्यासारखे पसरते. असे पोलाद तांबडे तापवून घणाखाली घेतले की चिरते, आणि साच्यात थिजताना आकसू लागले तरी तडकते. आता या दोन्ही वैऱ्यांना एकच धातू आवर घालतो. मँगनीजचे प्राणवायूशी लोखंडापेक्षा अधिक सख्य आहे. ते त्याला ओढून घेऊन मळीत जाते. गंधकालाही ते आपल्याकडे घेते, आणि मँगनीज-गंधकाचे संयुग पोलादाइतक्याच उष्णतेवर वितळणारे असल्यामुळे पापुद्रा न होता वेगळे, निरुपद्रवी कण होऊन राहते. शंभर भाग पोलादात एखादा भाग मँगनीज, एवढ्यावर हे काम भागते. आज हे बारावीच्या पुस्तकात चार ओळींत येईल. १८३० साली जगातल्या कोणाही पोलादवाल्याला त्याचे कारण ठाऊक नव्हते.

शेफील्डमध्ये पोलाद मुशीत वितळविण्याची रीत बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या सुमारास बसविली. घड्याळाच्या कमानीला एकजीव पोलाद हवे, ते मिळेना, म्हणून त्याने चिनीमातीच्या कारागिरासारखी मुशीची माती मळली. हंट्समनच्या वारसांनाही फुगे छळीत. त्यावर त्यांनी अनुभवाने तोड काढली होती: धातू वितळला तरी लगेच ओतायचा नाही, उकळी शांत होईपर्यंत मूस भट्टीतच ठेवायची. तेथील कारागीर याला पोलाद ‘मारणे’ म्हणत. आपल्या रसशास्त्रातही लोहाचे मारण आहे, पण तेथे लोहाचे भस्म होते. शेफील्डच्या मारण्यात लोह जिवंत राहते आणि फक्त त्याची खळबळ मरते. मुशीच्या मातीतले सिलिकॉन हळूहळू धातूत उतरून प्राणवायूला बांधून टाकते, हे त्यामागचे खरे कारण पुष्कळ उशिरा कळले. शिवाय ही तोडही स्वीडनहून आणलेल्या महागड्या लोखंडावरच नीट चाले. इंग्लंडचे स्वतःचे लोखंड मुशीत घातले की हाती येणारे पोलाद ठिसूळ. जगाला सुऱ्या-कात्र्या पुरविणारे शेफील्ड अशा रीतीने स्वीडनच्या दोन-चार खाणींच्या मेहेरबानीवर जगत होते.

हिंदुस्थानात पोलादाची वेगळीच परंपरा नांदत होती. १७९० च्या दशकात मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वूट्झ’ नावाच्या पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविल्या, आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांच्या परीक्षणाचा निबंध वाचला. कानडीतील ‘उक्कु’ म्हणजे पोलाद. त्याचाच हा अपभ्रंश असावा, असे मानले जाते. पुढे तरुण मायकेल फॅरडेने वूट्झचे मर्म शोधताना निरनिराळ्या धातूंची पोलादात भर घालून पाहिली. लंडनचे पंडित वडीचे पृथक्करण करीत राहिले. वडी कशी तयार होते, हे मात्र सेलमच्या भट्टीपाशी बसणाऱ्यालाच दिसणार होते.

हीथ तेथे बसला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास नोकरीतला मुलकी अंमलदार. सेलम-कोइंबतूर भागात कंपनीच्या व्यापाराचे काम त्याच्याकडे होते. कापूस हा त्याच्या कचेरीचा विषय, पण लक्ष चहूकडे. पक्षी आणि प्राणी गोळा करण्याचाही त्याला नाद होता. आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या पिवळसर पोटाच्या एका वटवाघळाला हॉर्सफील्ड या शास्त्रज्ञाने १८३१ साली त्याचेच नाव दिले, आणि ते शास्त्रीय नाव आजही चालते. ज्याच्या पोलादाचे श्रेय कागदोपत्री बुडाले, त्याचे नाव वटवाघळाने राखले!

सेलमजवळच्या कांजमलईच्या डोंगरात चुंबकी लोहधातुक विपुल. गावकरी ते कुटून, पाखडून त्यातली गारगोटी वेगळी काढीत. चार-पाच फूट उंचीच्या मातीच्या भट्टीत कोळशाबरोबर ते घालून बकऱ्याच्या कातड्याच्या भात्यांनी फुंकीत. निघालेला लोखंडाचा गोळा घडवून त्याचे तुकडे करीत आणि मग खरा विधी सुरू होई. एका लहान मुशीत अर्धा शेर ते शेर-दोन शेर लोखंड, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके तरवडाच्या वाळक्या लाकडाचे तुकडे, वर रुईची एक-दोन हिरवी पाने, आणि तोंडावर मळलेल्या मातीचे घट्ट बूच. तरवड म्हणजे माळरानावरचे पिवळ्या फुलांचे झुडूप, ज्याची साल चांभार कातडे कमावायला वापरीत. आणि रुई म्हणजे शनिवारी मारुतीला जिची माळ घालतात तीच. अशा वीस-चोवीस मुशी कमानीसारख्या रचून अडीच तास भाता चाले. मूस निवाली की फोडायची. आत पोलादाची वडी.

हीथच्या काळच्या इंग्रजी वर्णनांत या वडीची पारख दिलेली आहे, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. वितळण नीट झाली असेल तर वडीच्या माथ्यावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या रेषा उमटतात, आणि तो माथा छिद्रांवाचून असतो. नीट झाली नसेल तर वर पोळ्यासारखी छिद्रे दिसतात आणि न वितळलेल्या लोखंडाचे उंचवटे राहतात. पाच वड्यांतल्या चार थोड्याफार सदोष निघत, असेही तेथे नमूद आहे. सेलमच्या लोहाराला दोष ठाऊक होता, त्याची खूण ठाऊक होती आणि उपायही ठाऊक होता: वड्या कोळशाच्या विस्तवात तासन्‌तास भाजून मग हळूहळू घडवायच्या. तोंड बंद केलेल्या मुशीत हवा शिरत नसे, आणि धातू दुसऱ्या साच्यात न ओतता जागच्या जागी सावकाश थिजत असे. उत्तम वडीत पोकळी नसण्याचे रहस्य पुष्कळसे यातच होते. या विद्येची अतिशयोक्ती करण्याची आपल्याकडे हौस आहे. पाचांतल्या चार वड्या सदोष ही नोंद त्या हौसेला पथ्यकर आहे. पण एका शेराच्या वडीत जे साधले, ते शंभर शेरांच्या ओतीव ठोकळ्यात कसे साधावे, हा प्रश्न ज्याला पडला तो हीथ होता, आणि तो त्याला सेलमलाच पडला, हेही तितकेच खरे.

त्याने नोकरी सोडली. इंग्लंडात जाऊन लोखंड गाळण्याचे शिक्षण घेतले, मद्रास सरकारकडून मक्ता आणि मोठी उसनी रक्कम मिळविली, आणि १८३० साली मद्रासच्या दक्षिणेस वेल्लार नदीच्या मुखाशी पोर्टो नोव्हो येथे कारखाना उभारला. तमिळमध्ये या गावाला परंगिपेट्टै म्हणतात, म्हणजे फिरंग्यांची पेठ. मराठी माणसाला हा किनारा अगदीच परका नाही. १६७७ साली शिवाजी महाराजांनी जिंजी घेतल्यावर हा मुलूख मराठी सुभ्यात आला होता. जवळचा देवनापट्टणमचा किल्ला इंग्रजांनी १६९० साली राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत मराठ्यांकडूनच विकत घेतला आणि त्याला सेंट डेव्हिड असे नाव दिले. हीथच्या वेळी कोळ्ळिडमच्या दक्षिणेला तंजावरची मराठी गादी अजून नांदत होती, सत्ता मात्र कंपनीची होती.

कारखान्याचा हिशेब कागदावर सुरेख होता. धातुक सेलमचे, जलमार्ग कावेरी-कोळ्ळिडमचा, कोळसा आसपासच्या रानांचा, बंदर दाराशी. लोखंड शेफील्डला पाठवायचे आणि स्वीडनची मक्तेदारी मोडायची. प्रत्यक्षात धातुक वेताच्या टोपल्यांसारख्या गोल नावांतून शेकडो मैल खाली यायचे, तेही नदीला पाणी असेल तेव्हाच. कोळशासाठी रान तुटत गेले आणि कोळसा लांबून आणावा लागू लागला. मोठी भट्टी रोज जेवढा कोळसा गिळते, तेवढा सेलमच्या शंभर छोट्या भट्ट्यांनाही लागत नसे. लोखंड चांगले निघाले, शेफील्डला पोचले, वाखाणलेही गेले. कंपनी मात्र कर्जात रुतत गेली. नावे बदलली, मालक बदलले, मलबारात बेपूर येथेही भट्टी उभी राहिली, पण १८६० च्या दशकात हा सारा व्याप थंडावला. मद्रास सरकारची रक्कम बुडाली. आणि ज्या गावकरी लोहारांची विद्या पाहून हा घाट घातला गेला, त्यांचे काय? मक्त्याच्या कागदांत त्यांची नावे नाहीत. विलायती लोखंड स्वस्तात गावोगाव पोचू लागल्यावर त्यांच्याही भट्ट्या एकेक करून विझल्या.

हीथचे खरे यश पोर्टो नोव्होत नव्हे, शेफील्डमध्ये झाले. आपले हिंदी लोखंड तेथे पोलादात कसे उतरते, हे पाहण्यासाठी तो तिकडे गेला आणि मुशीपाशी प्रयोग करीत बसला. चांगल्या पोलादाच्या कुळीत कोठेतरी मँगनीज असते, एवढी कुणकुण युरोपातल्या रसायनज्ञांना होती. हीथने ते थेट मुशीत घालून पाहिले. ५ एप्रिल १८३९ रोजी त्याने पेटंट घेतले. त्यात अनेक गोष्टी होत्या. नेमकी कामाची एकच: पोलाद वितळविताना मुशीत १ ते ३ टक्के ‘कार्ब्युरेट ऑफ मँगनीज’, म्हणजे मँगनीज आणि कार्बन यांचे संयुग, घालावे.

परिणाम थक्क करणारा होता. इंग्लंडचे साधे लोखंड, जे आजवर पोलादाला नालायक ठरले होते, त्याचे निरोगी पोलाद होऊ लागले. ओतीव पोलाद तापवून लोखंडाला जोडता येऊ लागले. पूर्वी सुरीचे पाते ओतीव पोलादाचे आणि मुठीत शिरणारा भाग लोखंडाचा, असा सांधा टिकतच नसे. चांगल्या पोलादाची किंमत टनामागे ३० ते ४० पौंडांनी उतरली, असे त्या काळच्या लेखकांनी नोंदविले आहे. एका धातूच्या चिमटीने एका शहराचा व्यापार पालटला.

आणि येथेच हीथचा घात झाला. मँगनीजचे कार्ब्युरेट आधी वेगळे तयार करून मग मुशीत घालणे खर्चाचे होते. हीथच्याच ध्यानात आले की काळे मँगनीज ऑक्साइड आणि डांबर ही दोन स्वस्त द्रव्ये पोलादाबरोबर मुशीत टाकली तरी तेच काम होते. उष्णतेने दोहोंचा संयोग मुशीतच होतो. त्याने मोठ्या विश्वासाने ही युक्ती शेफील्डमधील आपला प्रतिनिधी अनविन याला सांगितली. अनविनने ती काही दिवस हीथसाठी वापरली आणि नंतर स्वतःसाठी. मोबदला मागितला तेव्हा त्याचे उत्तर तयार होते: पेटंटमध्ये ‘कार्ब्युरेट’ लिहिले आहे, मुशीत टाकले जाते ते ऑक्साइड आणि डांबर. ही दोन्ही पेटंटात नाहीत. मग पेटंटाचा भंग कोठे झाला?

खटला दहा वर्षांहून अधिक चालला. एका न्यायालयात हीथ हरला, दुसऱ्यात जिंकला. रसायनज्ञांच्या साक्षी झाल्या. पोलाद वितळण्यापूर्वी मुशीत कार्ब्युरेट तयार होतेच, म्हणजे अनविन तेच द्रव्य तेथल्या तेथे बनवून वापरतो, हे हीथच्या बाजूचे म्हणणे. पेटंट घेताना ही स्वस्त रीत हीथला स्वतःलाच ठाऊक नव्हती, तर तिच्यावर त्याचा हक्क कसा, हे प्रतिपक्षाचे. निकाल लागण्याआधीच हीथ गेला. त्याच्या पश्चात हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. सल्ल्यासाठी बोलाविलेल्या न्यायाधीशांपैकी बहुतेकांचा कौल हीथच्या बाजूने पडला. तरीही १८५५ साली लॉर्ड्सनी निर्णय अनविनच्या पारड्यात टाकला. कायद्याच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येते. पेटंट हा समाजाशी केलेला करार आहे, आणि कराराचे शब्द लोकांना आधी कळले पाहिजेत. परंतु ज्या कारखानदारांनी त्या युक्तीवर धन मिळविले, त्यांनी हीथच्या कुटुंबाला स्वखुशीने काही देऊ केले असते, तर कायदा आड आला नसता. विज्ञानाचे मराठी पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना ‘उत्तर कळले आहे पण मांडता आले नाही’ अशी मुले दरवर्षी भेटतात. हीथचे प्रकरण अगदी तसेही नव्हते. १८३९ साली त्याला जेवढे कळले होते, तेवढे त्याने अचूक लिहिले. त्याचा दोष इतकाच की त्यानंतर तो आणखी शिकला आणि शिकलेले बोलून गेला.

यानंतरची हकीकत वेगाने घडते. ऑगस्ट १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून नुसती हवा फुंकून मिनिटांत पोलाद करण्याची रीत जाहीर केली. मोठमोठ्या कारखानदारांनी परवाने घेतले आणि पहिल्याच ओतणीत हात पोळून घेतले. फुंकलेल्या हवेने कार्बन जळाला खरा, पण धातूत प्राणवायू ठासून भरला; ठोकळे फुग्यांनी पोखरलेले आणि तांबडे असताना चिरणारे. स्फुरदाचा दोष वेगळाच. फुग्यांवरचा उपाय पुन्हा मँगनीजच निघाला. रॉबर्ट मुशेटने मँगनीजयुक्त जर्मन बीड हवा फुंकून झाल्यावर धातूत मिसळायचे पेटंट त्याच वर्षी घेतले; त्याचे शुल्क १८५९ साली भरले गेले नाही आणि ते रद्द झाले. काही वर्षांनी मुशेटची सोळा वर्षांची मुलगी लंडनला बेसेमरच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. बेसेमरने कायद्याने देणे लागत नसताना तिच्या वडिलांना वर्षाला ३०० पौंड देण्याचे मान्य केले. हीथच्या घरी मात्र असे काही घडले नाही.

थेट साच्यातून पोलादी वस्तू काढण्याचे काम जर्मनीत बोखुम येथे याकोब मायर करीत होता. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ओतीव पोलादाच्या घंटा ठेवल्या. त्या पोलादाच्या नसून बिडाच्या आहेत, असा आक्षेप आल्फ्रेड क्रुपने घेतला. तेव्हा एक घंटा फोडून, तुकडा तापवून घडवून दाखवावा लागला, कारण बीड घडविता येत नाही. फ्रान्समधील तेरनुआरच्या कारखान्याने १८७८ च्या प्रदर्शनात फुग्यांविरहित ओतीव पोलाद मांडले, ते सिलिकॉन आणि मँगनीज यांच्या जोडीने. सिलिकॉनने धातू शांत होतो, मँगनीजने त्याला मऊ चिवटपणा येतो आणि मळी पातळ होऊन वर निघते. आजही फौंड्रीत झारीतल्या धातूत फेरोमँगनीज, फेरोसिलिकॉन आणि शेवटी ॲल्युमिनियम टाकतात, त्याचा क्रम या अनुभवातून बसला आहे. आकसण्याची पोकळी हा निराळा प्रकार; पोलाद थिजताना आकसते, म्हणून वस्तूच्या वर जादा धातूचा साठा, म्हणजे रायझर, ठेवावा लागतो. मँगनीज कितीही घातले तरी रायझरची हयगय चालत नाही, हे येथे सांगितलेले बरे.

हीथने मद्रास इलाख्यात लोखंड शोधले. त्याच इलाख्याच्या उत्तर टोकाला, विजयानगरमच्या परिसरात, जमिनीत मँगनीजही पडून होते, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. १८९० च्या दशकाच्या आरंभी तेथे हिंदुस्थानातील मँगनीजच्या खाणकामाला सुरुवात झाली आणि शतक पालटताना ते नागपूर, भंडारा, बालाघाटकडे पसरले. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे विदर्भातल्या पालकांना परिचयाची असतील. तेथले काळे दगड बोटींतून इंग्लंडच्या पोलाद कारखान्यांत गेले. सेलमच्या लोहाराची विद्या पाहून निघालेला विचार शेफील्डला जाऊन पक्व झाला, आणि त्या विचाराला लागणारे खाद्य पुन्हा येथूनच जाऊ लागले.

शेफील्डच्याच एका ओतीव पोलादाच्या कारखानदाराचा मुलगा, रॉबर्ट हॅडफील्ड, याने १८८२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हीथच्या एक-दोन टक्क्यांवर न थांबता मँगनीजचे प्रमाण वाढवीत नेले. पाच-सहा टक्क्यांवर पोलाद काचेसारखे ठिसूळ झाले. कोणीही तेथेच थांबला असता. तो बारा-तेरा टक्क्यांपर्यंत गेला आणि हाती आले ते अजब पोलाद: चुंबकाला न चिकटणारे, चिवट, आणि जितके ठोकावे तितके पृष्ठभागावर अधिक कठीण होत जाणारे. ते यंत्रावर कापणे जवळजवळ अशक्य, म्हणून त्याची वस्तू साच्यातच आकार घेऊन यावी लागते. ओतकाम चोख नसेल तर ते निरुपयोगी. दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे त्याचे होतात. एक रूळ दुसऱ्या रुळाला छेदतो तेथे बसविण्याची क्रॉसिंगेही त्याचीच ओततात, आणि भारतीय रेल्वे ती देशभर वापरते. चेन्नई सेंट्रलहून मुंबईची गाडी सुटली की बेसिन ब्रिजपाशी रुळांचे जाळे पसरलेले दिसते. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा डब्याखाली जो खडखडाट होतो, तो चाकाचा घाव झेलणाऱ्या ओतीव पोलादाचा असतो, आणि प्रत्येक घावाबरोबर ते किंचित अधिक कठीण होत असते.